‘१४० च्या वर गेलं तरच ना, सर?’ : लातूरच्या ट्युशन एरियातलं एक प्रकरण

जूनमधला रविवार, सकाळचे साडेअकरा. लातूरच्या ट्युशन एरियात दवाखाना चालवणाऱ्याला रविवारची सुट्टी परवडत नाही. क्लासच्या टेस्ट रविवारीच असतात आणि टेस्टच्या दिवशी पोरांना काही ना काही होतंच. कुणाला उलट्या, कुणाला जुलाब, कुणाचं डोकं भणभणतं. त्या दिवशी दोघा मित्रांनी तिसऱ्याला धरून आणलं. वय १६ वर्षं ९ महिने, बारावी नुकतीच सुरू झालेली, नीटची तयारी. पेपर निम्मा झाला आणि छातीत धडधड सुरू झाली, हात थरथरायला लागले, घाम फुटला. हार्ट अटॅकच आला, असं त्याला वाटलं.

नाडी ११८, बीपी १४८/९२. ईसीजी काढला. ठोके जलद होते, बाकी आलेख ठीक. सकाळपासून पोटात काय गेलं ते विचारलं. दोन कप चहा आणि वीस रुपयेवाल्या एनर्जी ड्रिंकच्या दोन बाटल्या. नाष्टा नाही. रात्रीची झोप तीन तास. धडधडीचा उलगडा तिथंच झाला. त्याला पाणी दिलं, आडवं केलं, आईला फोन लावला.

पाऊण तासानं त्याला खुर्चीत बसवलं. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीला, पाच मिनिटं गप्प. उजव्या दंडावर पट्टा बांधून पुन्हा बीपी बघितलं. १३८/८८. मी आकडा मोठ्यानं म्हटला तसा तो हुशारला.

“मग नॉर्मलच आहे की. १४०/९० च्या वर गेलं तरच हायपरटेन्शन ना, सर?”

पुस्तकाप्रमाणे पोराचं उत्तर बरोबर होतं. अकरावीच्या एनसीईआरटीच्या जीवशास्त्रात रक्ताभिसरणाच्या धड्याच्या शेवटी हाच आकडा आहे, आणि नीट देणाऱ्या पोरांना त्या पुस्तकाची ओळ न् ओळ पाठ असते. मला गंमत वाटली. हृदय एका ठोक्याला आणि एका मिनिटाला किती रक्त ढकलतं, ते विचारलं. “स्ट्रोक व्हॉल्यूम किती?” “७० एमएल.” “कार्डियाक आउटपुट?” “मिनिटाला पाच लीटर, सर.” “तुझं वजन किती?” ते माहीत नव्हतं. वर्षभरात काट्यावर उभा राहिलाच नव्हता.

पुस्तकातला १४०/९० हा आकडा मोठ्या माणसांचा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ साली मुलांसाठी जे निकष काढले, त्यात १३ वर्षांच्या पुढच्या मुलांना १२०/८० च्या खाली नॉर्मल धरतात. वरचा आकडा १२० ते १२९ आणि खालचा ८० च्या आत असेल तर ‘वाढलेलं’, आणि १३०/८० पासून पुढं पहिल्या टप्प्याचा उच्च रक्तदाब. म्हणजे आमच्या या हुशार मुलाचं बीपी पुस्तकात पास आणि दवाखान्यात नापास होतं. अर्थात एका दिवसाच्या आकड्यावर शिक्का मारायचा नसतो, त्यातून पोटात कॅफीन असताना तर मुळीच नाही. वेगवेगळ्या तीन भेटींत मोजायचं, मग बोलायचं.

तोवर आई आली. मुलासाठी गाव सोडून लातुरात खोली करून राहणाऱ्या आया आमच्याकडं शेकड्यांनी आहेत, त्यांतलीच एक. वडील गावाकडं शेती बघतात, सोयाबीन-तूर. आईचा पहिला प्रश्न, “डॉक्टरसाहेब, हार्टचं काही नाही ना? ते व्हॉट्सअॅपवर रोज दाखवायलेत, पोरं नाचता नाचता पडायलीत.”

हा प्रश्न हल्ली रोज येतो, म्हणून जरा थांबतो. धडधाकट दिसणारं पोर खेळताना कोसळतं, त्यामागं बहुतेक वेळा निराळेच आजार असतात. हृदयाचा स्नायू जन्मजात जाड असणं, हृदयातल्या विद्युतप्रवाहात दोष असणं, असले. त्यांच्यासाठी दोन प्रश्न चुकवायचे नसतात. धावताना कधी शुद्ध हरपली का? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का? इथं दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आलं. ईसीजीही साफ. त्या भीतीतून आईला मी मोकळं केलं. पण त्याच ओघात कळलं की मुलाच्या सख्ख्या चुलत्यांची ४४ व्या वर्षी अँजिओप्लास्टी झालीय. तो आजार वेगळा. तो नाचता नाचता दिसत नाही, वीस-तीस वर्षं आतल्या आत शिजत असतो. व्हिडिओतल्या पोराच्या धसक्यानं आलेल्या आईला, आपल्या पोराचा धोका दुसऱ्याच दारानं घरात येतोय, हे सांगायचं होतं.

सांगण्याआधी मला त्याची मान दिसली. जूनच्या उकाड्यात पोरानं कॉलर वर करून शर्ट घातला होता. कॉलर खाली केली तर मानेमागं काळपट, जाडसर, मखमलीसारखा पट्टा, आणि त्यावर ओरखडे. आई खजील होऊन म्हणाली, “किती घासलं तरी निघंना बघा. लिंबू लावलं, बेसन लावलं, आंघोळीचा दगड लावला. नीट आंघोळच करंना.” पोरगं खाली मान घालून बसलेलं. वर्षभर त्या मळावरून त्यानं बोलणी खाल्ली होती आणि तो मळ नव्हताच. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की रक्तातलं इन्सुलिन वाढतं आणि मानेवर, काखेत कातडी अशी काळी-जाड होते. आतली भानगड मान बाहेर दाखवते. मी आईला म्हटलं, “ताई, आजपासून दगड बंद. हे घासून जायचं नाही.” पोरानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. पुढच्या सहा महिन्यांत त्यानं माझं जे काही ऐकलं, त्याचं मूळ या एका वाक्यात असावं असा माझा संशय आहे.

उंची १६८, वजन ७८, कमरेचा घेर ९४. कमर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा साधा हिशेब. इथं ८४ ला थांबायला हवं होतं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २७.६. आई म्हणाली, “खात्यापित्या घरचं लेकरू आहे, लठ्ठ म्हणावं असं काय नाही.” आणि खरंच, रस्त्यात दिसला असता तर मीही लठ्ठ म्हटलं नसतं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ साली आपल्या मुलांसाठी वाढीचे तक्ते काढले, त्यात लठ्ठपणाची रेघ प्रौढांच्या बीएमआय २७ ला जुळवलीय, ३० ला नाही. त्याला कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी युडकिन यांच्या ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून याज्ञिकांच्या गटानं जो अभ्यास चालवला, त्यात ही तऱ्हा जन्मापासून दिसली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची, पण आपली काटकुळी बाळंसुद्धा चरबी राखून जन्मतात. या मुलाचं जन्मवजन विचारलं. २.३ किलो.

पुढच्या तीन आठवड्यांत तो दोनदा आला. चहा-बाटली न घेता, दुपारच्या वेळी. १३४/८६ आणि १३६/८४. मग २४ तासांचं बीपीचं यंत्र लावलं. कमरेला डबी, दंडाला पट्टा, दिवसा दर वीस मिनिटांनी आपोआप फुगतो. अभ्यासिकेत त्याचा घर्र आवाज व्हायला लागला तसं शेजारच्या पोरांनी त्याला जिन्यात जाऊन बसायला लावलं. जिन्यात बसून त्यानं ऑरगॅनिक केमिस्ट्री केली. आलेख आला तो बोलका होता. जागेपणीची सरासरी १३४/८३. माणूस झोपला की बीपी उतरायला हवं, निरोगी माणसात दहा टक्क्यांहून जास्त. याचा आलेख रात्री अकरा, बारा, एक, दोन वाजेपर्यंत ताठ, पावणेतीनला कुठं थोडा वाकला आणि सहाला पुन्हा वर. झोपेतली सरासरी १२१/७०, या वयात ती ११०/६५ च्या आत लागते. डॉक्टर समोर दिसला की बीपी वाढतं, तसली ही पांढऱ्या कोटाची भीती नव्हती. हे चोवीस तासांचं बीपी होतं.

इतक्या लहान वयात बीपी म्हटलं की आधी किडनी आणि महाधमनी बघायची. मांडीतली नाडी नीट लागत होती, पायाचं बीपी हातापेक्षा जास्त होतं, म्हणजे महाधमनी चिंचोळी नाही. लघवी, क्रिएटिनिन, थायरॉइड ठीक. किडनीची सोनोग्राफी ठीक, मात्र त्याच सोनोग्राफीत यकृतावर चरबी, ग्रेड एक. घोरतो का, विचारलं. नाही. इकोमध्ये हृदयाची भिंत जाड झालेली नव्हती, ही सगळ्यात चांगली बातमी. उपाशीपोटी साखर १०४, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज) ५.८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११८. मुलांमध्ये ट्रायग्लिसराइड १३० च्या पुढं जास्त धरतात आणि एचडीएल ४० च्या खाली कमी. म्हणजे मधुमेह नाही, पण मधुमेहाच्या अंगणात उभा.

आईला बाहेर बसवून त्याच्याशी एकट्याशी बोललो. वयात आलेल्या मुलाचं हे बोलणं आईसमोर करायचं नसतं. गुटखा नाही. सिगारेट नाही. व्हेप एकदा ओढलाय, वाढदिवसाला. ई-सिगारेटवर देशात २०१९ पासून बंदी आहे, तरी मिळते कुठं ते सगळ्या एरियाला माहीत. झोप का येत नाही, तर “झोपलो की वाटतं, बाकीचे पुढं चाललेत.” याच्यावर माझ्याकडं औषध नव्हतं. मी नुसतं लिहून घेतलं.

आता इतकं सगळं आकडेवारीत का बघायचं, पोराला त्रास तर काही नव्हता, असं घरचे विचारणारच. वडिलांनी विचारलंच, फोनवर. मी त्यांना कोरियाच्या युद्धाची गोष्ट सांगितली. तिथं मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची शवचिकित्सा झाली, १९५३ साली तिचा अहवाल आला. सरासरी वय २२. कवायत करणारे, धडधाकट. त्यांतल्या ७७ टक्क्यांच्या हृदयाच्या धमन्यांत आजाराच्या खुणा डोळ्यांना दिसल्या. पुढं अमेरिकेतल्याच लुइझियाना राज्यात बोगालुसा नावाच्या गावात डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनी १९७३ पासून शाळकरी मुलांचं बीपी, वजन, कोलेस्टेरॉल मोजायला घेतलं. त्यातली काही मुलं-माणसं पुढं अपघातात वगैरे गेली. २ ते ३९ वर्षांच्या अशा २०४ जणांच्या धमन्या तपासल्या, तेव्हा ज्याच्या जिवंतपणीच्या नोंदींत वजन, बीपी, चरबी अशा गोष्टी जास्त होत्या, त्याच्या धमन्यांत चरबीचे पट्टे जास्त निघाले. एक नव्हे, दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की फारच जास्त. वडील ऐकून घेत होते. मग म्हणाले, “म्हणजे आमच्या भावाचं पण सोळाव्या वर्षीच सुरू झालं असेल की.” असेल. त्यांचं बीपी सोळाव्या वर्षी कुणी मोजलंच नव्हतं.

याचंही बीपी कुणी मोजलं नव्हतं. तीन वर्षांच्या पुढच्या मुलाचं वर्षातून एकदा बीपी बघावं असं तेच २०१७ चे निकष म्हणतात. आमच्याकडं सर्दी-तापाला आलेल्या पोराचा घसा बघतात, छाती ऐकतात, बीपीचा पट्टा भिंतीवर लटकलेलाच राहतो. एक कारण असं की बहुतेक दवाखान्यांत पट्टा एकच असतो, मोठ्यांचा. लहान दंडाला मोठा पट्टा बांधला की आकडा खोटाच कमी येतो. माझ्याकडंही लहान पट्टा या प्रकरणानंतर आला. आमच्या पिढीला ‘लहान मुलाचं हृदय’ म्हटलं की संधिवाताचा ताप आणि खराब झालेली झडप एवढंच शिकवलं होतं. २०१६ ते २०१८ दरम्यान देशभर मुलांच्या पोषणाची पाहणी झाली, त्यात १० ते १९ वयाच्या मुलांत सुमारे १० टक्के मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणि सुमारे ५ टक्के उच्च रक्तदाबाचे निघाले. चाळीस पोरांच्या बॅचमध्ये दोन. कुठली दोन, ते पट्टा बांधल्याशिवाय कळत नाही.

या प्रकरणातला सगळ्यात कामाचा कागद आईच्या पिशवीत निघाला. दहावीत असताना पोरगं तालुक्याच्या खो-खोच्या संघात होतं. स्पर्धेच्या वैद्यकीय फॉर्मची झेरॉक्स तिनं जपून ठेवलेली. वजन ६३ किलो. दीड वर्षात १५ किलो. उंची त्याच काळात जेमतेम दोन सेंटीमीटर वाढलेली. म्हणजे अनुवंश तोच, आई तीच, भाकरी तीच. या दीड वर्षात नवं काय आलं ते शोधायचं होतं, म्हणून त्याच्याकडून एका दिवसाचं घड्याळ लिहून घेतलं.

सकाळी सहाला उठणं. सातला क्लास. गावाकडं शाळा अडीच किलोमीटर होती आणि तो पायी जायचा. इथं वडिलांनी बॅटरीवरची गाडी घेऊन दिली, लेकराचा वेळ वाचावा म्हणून. सात ते एक क्लास, मधल्या सुट्टीत वडापाव किंवा समोसा. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ-साखर-तेलाचे पदार्थ विकू नयेत असा २०२० चा नियम आहे. पण याचं नाव ज्या कॉलेजच्या हजेरीपटावर आहे तिथं तो वर्षात दोनदा गेला. त्याची खरी शाळा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा क्लास, खाली ओळीनं गाडे. दीडला खोलीवर जेवण, तास-दीड तास झोप. साडेतीन ते रात्री साडेदहा अभ्यासिका, त्यात दोन बाटल्या. साडेदहाला जेवण. मग दोन-अडीचपर्यंत अभ्यास, मध्ये साडेबाराला आई उठून झटपट नूडल्स करून द्यायची, “लेकरू जागायलंय” म्हणून. क्लास आणि अभ्यासिका मिळूनच बसणं रोज तेरा तास. चालणं, गाडी लावल्यापासून जिन्यापर्यंत.

वाढत्या वयात रोज तासभर दमछाक होईल अशी हालचाल हवी आणि आठ ते दहा तास झोप हवी. याला हालचाल शून्य आणि रात्रीची झोप साडेतीन तास. झोप तुटली की भुकेचं संप्रेरक वाढतं, पोट भरल्याचं घटतं, बीपी उतरायला जागाच मिळत नाही. आलेखावरचा तो ताठ भाग आणि हे घड्याळ शेजारी शेजारी ठेवलं तर वेगळं काही सांगायला नको होतं.

आणि तरीही मी पहिल्या खेपेला चूक केली. माझ्या टेबलाच्या खणात छापील आहारतक्ता असतो. सकाळी ओट्स, दुपारी सॅलड, संध्याकाळी ग्रीन टी, रात्री सूप. तो दिला, “रोज ४५ मिनिटं व्यायाम” असं खाली हातानं लिहिलं आणि सहा आठवड्यांनी बोलावलं. सहा आठवड्यांनी वजन ७९. ओट्सचं पुडकं आणलं होतं, दोनदा केलं, पोरानं ताट सरकवलं. व्यायामासाठी पहाटे पाचला उठायला लागला म्हणजे झोप आणखी तासानं कमी. आठव्या दिवशी तेही सोडलं. आई म्हणाली, “त्याला मनच नाही डॉक्टरसाहेब.” ज्या पोराला दिवसाला तेरा तास बसवतं त्याला मन नाही, हे मला पटेना. त्याच्या दिवसात जागाच नव्हती आणि मी त्यात आणखी एक तास कोंबला होता.

त्याच भेटीत सहज आईच्या दंडाला पट्टा बांधला. वय ३९. बीपी १५२/९४. पुढं दोनदा तसंच आलं. गावाकडं ही बाई दिवसभर रानात आणि गोठ्यात पायावर असायची. इथं दहा बाय बाराची खोली, स्वयंपाक, धुणं, आणि पोर येईपर्यंत वाट बघणं. ओळखीचं कुणी नाही. रात्री नूडल्स करताना एक घास ती पण खायची, जागायला सोबत म्हणून. नीटची तयारी घरात एकटं पोर करत नसतं. आईला एक गोळी सुरू केली. पोराला गोळी दिली नाही. लक्षणं नसतील आणि हृदयावर परिणाम नसेल तर पहिल्या टप्प्यात सहा महिने आधी राहणीमान बदलून बघतात.

दुसरा आराखडा त्या दोघांनी आणि मी मिळून केला, आणि त्यात नवा एकही पदार्थ नव्हता. पहिली गोष्ट, बाटली. त्याला बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला लावली. असल्या पेयांत लीटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं आणि मुलांसाठी नाही, अशी सूचना छापावी लागते. ती वाचून तो म्हणाला, “मी काय लहान मुलगा आहे का, सर?” मी म्हटलं, बीपीच्या तक्त्यात आहेस. हसला. बाटल्या एकदम बंद न करता आठवड्याला एक कमी करत गेलो, नाहीतर डोकं दुखतं आणि पोरं परत फिरतात.

दुसरी, बॅटरीची गाडी. ती गावाकडं परत गेली. वडिलांना हे अवघड गेलं, कारण ती त्यांनी सोयाबीनच्या पैशातून घेतली होती. क्लास आणि अभ्यासिका मिळून जाण्यायेण्याचं अंतर साडेपाच किलोमीटर पडतं. भरभर चालत तासाच्या आतबाहेर. फॉर्म्युले पाठ करत चालायचं, तो वेळ अभ्यासातच धरायचा, असं त्यानं स्वतः ठरवलं. चालण्याला ‘व्यायाम’ हा शब्द आम्ही वापरलाच नाही.

तिसरी गोष्ट मीठ. इथं आईशी खरी वाटाघाट झाली. नूडल्सच्या एका पुडक्यावर सोडियम ८०० मिलिग्रॅमच्या वर लिहिलेलं. सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ, म्हणजे दोन ग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅम पुरे म्हणतात. त्यात जेवणात रोजचा पापड, लोणचं, शेंगदाण्याची चटणी, आणि वरून मीठ घ्यायची सवय. चटणीवर ती हटून बसली, “चटणीबिगर भाकर कशी उतरंल?” शेवटी चटणी ठेवली, त्यातलं मीठ निम्मं केलं आणि लिंबू वाढवलं. पापड रविवारी. रात्रीच्या नूडल्सच्या जागी बिनमिठाचे फुटाणे किंवा ताक. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी घरात होतीच. माझ्या ओट्समुळं उगाच ती मागं पडली होती.

झोपेवर मात्र भांडण झालं. मी आठ तास म्हटलं, पोरगं पाचावर. शेवटी रात्री साडेअकरा ते सहा, आणि दुपारची झोप अर्ध्या तासाची. साडेसहावर सौदा मिटला. वैद्यकशास्त्राप्रमाणे हे कमीच आहे, मला माहीत आहे. पण लातुरात बारावीला आठ तास झोप लिहून देणाऱ्या डॉक्टरचा कागद जिन्यातच फाडतात.

तिसऱ्या आठवड्यात टेस्टचे मार्क ५४८ वरून ५२१ वर आले. आईचा फोन आला, पहिल्यांदाच चढ्या आवाजात. “तुमच्या झोपंनं २७ मार्क गेले.” मी काय बोलणार? दोन टेस्ट थांबा म्हटलं. पोरानं तीन रात्री पुन्हा दोनपर्यंत जागून काढल्या, बाटली आणली, आणि चौथ्या दिवशी आपणहून परत साडेअकरावर आला. का, ते विचारलं. म्हणाला, “जागून वाचलेलं सकाळी आठवंना.” पुढं मार्क किती झाले हे मी विचारायचं थांबवलं. माझ्या वहीत तो रकाना नाही.

रविवारी टेस्ट सुटल्यावर क्रीडा संकुलाच्या मैदानावर जायला लागला. सुरुवातीला एकटा, मग अभ्यासिकेतले सातजण. खो-खोला नऊ लागतात, म्हणून नियम मोडून खेळतात. हे मी सुचवलेलं नाही.

डिसेंबरमधली नोंद. उंची १६९.५, वजन ७३.५, कमर ८७. बीपी १२४/७८, म्हणजे अजून नॉर्मल नाही, ‘वाढलेलं’ या रकान्यात. २४ तासांचं यंत्र पुन्हा लावलं, झोपेतली सरासरी ११२/६४, उंबरठ्याच्या किंचित वर, पण आलेख आता बाराच्या सुमारास वाकतो. ट्रायग्लिसराइड १४६, एचडीएल ३७, उपाशीपोटी साखर ९६. मानेचा पट्टा फिका झालाय, गेलेला नाही. कमर अजूनही उंचीच्या निम्म्याहून जास्त. आईचं बीपी गोळीवर १३४/८४. संध्याकाळी ती शेजारच्या दोन आयांबरोबर चालायला जाते. त्यांचीही पोरं बारावीलाच आहेत.

घरी डिजिटल मशीन घेतलंय. आईचं बीपी पोरगं बघतं आणि फिजिक्सच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहितं. मशीन एकदा अभ्यासिकेत नेलं होतं. तिथल्या एकाचं दोनदा १३४/८६ आलं, म्हणून या खेपेला त्याला सोबत घेऊन आला. तो मित्र दारातच म्हणत होता, “अरे, पण १४० च्या आत आहे ना?” याचं त्यावरचं उत्तर मी आतून ऐकलं, ते इथं लिहिण्याजोगं नाही.

नीट मे महिन्यात. जाता जाता तो म्हणाला, “सर, फेब्रुवारीनंतर हे असं जमंल का माहीत नाही. रिव्हिजन सुरू होती.” मला पण माहीत नाही. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारची तारीख दिली, टेस्ट दोनला सुटते, त्यानंतरची.